न आलेलं पार्सल आणि ‘डिलिव्हर्ड’चा मेसेज

गेल्या नवरात्रात ऑनलाइन मागवलेलं एक मशीन माझ्या घरी आलंच नाही. कंपनीच्या नोंदीत मात्र ते मला मिळालेलं होतं. पैसे परत मिळेपर्यंत जानेवारी उजाडला. या काळात पैशांपेक्षाही जास्त छळलं ते पुढे कुणाकडे जायचं हे न कळण्याने. शेजारणी म्हणायच्या, ‘सोडून दे, मोठ्या कंपनीशी कोण भांडणार?’ तसं वाटणाऱ्या प्रत्येकासाठी, जे जसं घडलं ते तारखांसकट लिहिते आहे.

मी नाशिकला सिडकोत राहते आणि घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, जून आला की शाळेचे गणवेश. माझ्याकडे इंटरलॉक मशीन नव्हतं. कडा मारायला कपडे त्रिमूर्ती चौकाकडच्या एका ताईंकडे द्यायचे, नगाला १५ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्याच आठवड्यात सेल लागला. घरगुती इंटरलॉक मशीन १७,४९० रुपयांना दिसलं. बुधवारी, २४ सप्टेंबरला यूपीआयने सगळे पैसे भरून ऑर्डर दिली. दिवाळीच्या ब्लाऊजांच्या आधी मशीन हाताशी येईल असा हिशेब होता.

सोमवारी, २९ तारखेला दुपारी चारच्या सुमारास मोबाइलवर मेसेज आला: पार्सल घरातील व्यक्तीकडे सुपूर्द केले. मी तेव्हा दार उघडं ठेवून गरब्याच्या घागऱ्यांना लेस लावत बसले होते. कुणी आलं नव्हतं, बेल वाजली नव्हती, ओटीपीही आला नव्हता. आधी वाटलं, पोरगा गल्लीच्या तोंडाशी असेल, आधीच बटण दाबलं असेल. पुष्कळदा तसं होतं. अर्धा तास वाट पाहिली. मग डाव्या-उजव्या घरांत, समोरच्या किराणा दुकानात विचारलं. अॅपमधून डिलिव्हरीवाल्याला फोन लावला, तर तो लागेना. पार्सल पोचल्याची नोंद झाली की अॅपमधला तो नंबर बंद होतो, हे मला त्या दिवशी समजलं.

अॅपमध्ये एक फोटोही होता. कुठल्यातरी घराच्या पायरीवर खोकं ठेवलेलं, मागे निळ्या रंगाचं लोखंडी ग्रिल. आमच्या घराला ग्रिलच नाही.

माझी भाची तेव्हा घरी आली होती. तिने आधी काय केलं असेल, तर त्या पानाचे स्क्रीनशॉट काढले: ट्रॅकिंगची सगळी ओळ, वेळ, पार्सलचा क्रमांक, तो फोटो. ‘मावशी, हे पान नंतर बदलू शकतं,’ ती म्हणाली. आणि खरोखरच काही दिवसांनी तो फोटो अॅपमधून दिसेनासा झाला. स्क्रीनशॉट नसते तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर चिडून फोन करण्याआधी ते काढून घ्या.

त्याच संध्याकाळी अॅपच्या चॅटवर तक्रार केली. उत्तर आलं, ४८ तास थांबा. तक्रारीला क्रमांक मिळाला नव्हता, तो मागून घेतला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं बंधनकारक आहे, म्हणजे तिचं पुढे काय झालं ते आपल्याला पाहता येतं. चॅट संपताना सगळा संवाद ईमेलवर पाठवायची सोय असते, तीही वापरली. १ ऑक्टोबरला उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचली आहे, तक्रार बंद करत आहोत. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण खोटं बोलतोय असं कुणीतरी लेखी म्हणावं, आणि तेही आपलेच पैसे अडकलेले असताना, हे फार लागतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला मी कुरिअरचं हब शोधत अंबडला गेले. एमआयडीसीच्या कडेला एका गाळ्यात पार्सलांच्या थप्प्या, बाहेर दुचाक्यांची रांग. तिथला सुपरवायझर तिशीतला मुलगा होता. मी ओरडले नाही, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने मशीनवर क्रमांक टाकून पाहिला. म्हणाला, ‘ताई, आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय. त्या दिवशीचा पोरगा आता कामावर येत नाही. मी लिहून काही देऊ शकत नाही. पण तुम्ही कंपनीकडे पीओडी मागा. आणि नुसती सही मागू नका, बटण दाबलं तेव्हाचं लोकेशन मागा.’

पीओडी म्हणजे माल हाती दिल्याचा पुरावा: सही, फोटो, ओटीपीची नोंद, जे असेल ते. त्या मुलाच्या या दोन वाक्यांनी माझी सगळी दिशा बदलली. तोपर्यंत मी ‘पार्सल आलं नाही’ हे सिद्ध करायच्या मागे लागले होते. न घडलेली गोष्ट कुणी कशी सिद्ध करणार? दिलं असं ते म्हणतात, तर दिल्याचा पुरावा त्यांनी दाखवायचा. पुढच्या प्रत्येक पत्रात मी हेच वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहिलं.

त्याच रात्री कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. या अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर देणं कंपनीला सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी ते पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, असा नियम आहे. ईमेलमध्ये ऑर्डर क्रमांक, पार्सल क्रमांक, रक्कम, तारखा आणि चार मागण्या लिहिल्या: सही कुणाची, ओटीपी का नाही, लोकेशन काय, आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून कधीही लावू नका, कंपनीच्या अॅपमधूनच जा. हे का सांगते ते पुढे येईल.

सोमवारी, ६ ऑक्टोबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, मेसेजवर तक्रारीचा क्रमांक आला. मग त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बिल आणि स्क्रीनशॉट जोडले. मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या असतात, त्यामुळे तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, मध्ये पडून उत्तर मिळवते. तेही थोडं नाही, कारण चॅटवर जे मला कुणी दाखवत नव्हतं ते इथे मिळालं. वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला कंपनीने उत्तरासोबत पीओडी जोडला. त्यावर एक रेघोटी, सही म्हणावी अशीही नाही, आणि तोच निळ्या ग्रिलचा फोटो. लोकेशनचा उल्लेख नाही. ‘वस्तू पोचली आहे’ हे वाक्य पुन्हा तसंच.

यूपीआय अॅपमधूनही तक्रार टाकून पाहिली होती. बँकेचं म्हणणं, पैसे विक्रेत्यापर्यंत नीट पोचले आहेत, वस्तूबद्दल त्यांच्याशी बोला.

मधल्या काळात दिवाळीचं काम तर थांबवता येत नव्हतं. आमच्या बचत गटातून उचल घेऊन मी मेन रोडवरच्या एका दुकानातून तसंच मशीन घेतलं, पण ते हातात येईपर्यंत ब्लाऊज बाहेरच द्यावे लागले. त्रिमूर्ती चौकातल्या ताईंकडून प्रत्येक वेळी वहीच्या पानावर नगांची संख्या, रक्कम आणि सही घेत गेले. त्या हसायच्या, ‘अगं, एवढ्या वर्षांत कधी पावती मागितली नाहीस.’ ही पानं पुढे कामाला आली. गटाच्या वहीतली कर्जाची आणि व्याजाची नोंदही.

आता निळ्या ग्रिलबद्दल. सिडकोतले पत्ते ज्यांनी शोधले आहेत त्यांना माहीत असेल. घरांच्या सहा योजना, ‘एन’ पुढे सेक्टरचा आकडा, मग इंग्रजी अक्षरं, मग ओळीचा आकडा, मग घराचा. शेवटचे आकडे तेच, सेक्टर तेवढा वेगळा, अशी घरं कितीतरी. भाऊबीजेला नणंद आली होती. संध्याकाळी आम्ही दोघी ते शेवटचे आकडे घेऊन दुसऱ्या सेक्टरांत फिरायला निघालो. बऱ्याच गल्ल्या पालथ्या घातल्यावर एका दारात निळं ग्रिल आणि फोटोतली ती कोपरा फुटलेली फरशी दिसली. माझं काळीज धडधडत होतं. त्यांना चोर ठरवायला आपण आलो आहोत असं त्या घराला वाटू नये, म्हणून आधी नणंदेनेच तोंड उघडलं.

आतून एक आजी आल्या. ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाल्या, ‘हो, आलं होतं ना खोकं. जड होतं. मी म्हटलं नातवाने मागवलं असेल. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा आला, आजी चुकून तुमच्याकडे दिलं म्हणाला, आणि घेऊन गेला.’ म्हणजे चूक त्यांच्या लक्षात आली होती, खोकं उचललंही होतं, आणि त्यानंतर ते कुठे गेलं याची एकही नोंद नव्हती. आजींच्या मुलाला आम्ही विनंती केली, एवढं कागदावर लिहून द्या. कोर्टकचेरी नको, म्हणून तो आधी तयार नव्हता. तुम्हाला कुठे यावं लागलं नाही तर बरंच, पण खरं काय ते माझ्याकडे लेखी असू द्या, एवढंच मी म्हटलं. आजींनीच त्याला सांगितलं, ‘लिही रे, खरं ते लिहायला काय जातंय?’ साध्या कागदावर तारीख, मजकूर आणि सही. त्या घराचे मी आजही आभार मानते.

तो कागद घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच दिली. कुठेही अर्ज द्या, दोन प्रती न्या आणि पोहोच घेतल्याशिवाय उठू नका.

याच सुमारास एक फोन आला. कुरिअरमधून बोलतोय, तुमचं मशीन सापडलंय, पुन्हा पाठवायचे पाच रुपये या लिंकवर भरा, आणि डिलिव्हरीवाल्याशी बोलण्यासाठी चांदणी दाबून हा आकडा लावा. माझं नाव, वस्तू, सगळं त्याला माहीत होतं. आनंदाने माझा हात फोनवर गेलाही असता, पण भाचीने आधीच बजावलं होतं: असा आकडा लावला की आपले फोन दुसरीकडे वळतात आणि बँकेचे ओटीपी त्यांच्या हाती जातात. मी फोन ठेवला. पार्सल हरवलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, कारण तो अशाच फोनची वाट पाहत असतो. कुणाचे पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा.

महिन्याची मुदत ३ नोव्हेंबरला संपली. ग्राहक पंचायतीचं काम केलेले एक काका आमच्या ओळखीत आहेत. त्यांच्याकडे बसून मराठीतच नोटीस लिहिली. वकील लागला नाही. विक्रेता, संकेतस्थळाची कंपनी आणि कुरिअर, तिघांना वेगवेगळी पाठवली, १५ दिवसांची मुदत देऊन. काका म्हणाले, तिघांनाही घ्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून टपाल खात्याचं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, त्यामुळे नोटीस स्पीड पोस्टाने, नोंदणीसह पाठवली. तिन्ही पाकिटांचे मिळून तीनशेच्या आसपास झाले. पावत्या आणि पोचल्याचं ट्रॅकिंग छापून ठेवलं.

विक्रेत्याकडून उत्तर आलं नाही. कंपनीचं आलं, आणि ते वाचून माझे हातपाय गार पडले. लिहिलं होतं, हे मशीन व्यवसायासाठी घेतलेलं आहे, त्यामुळे तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही.

घरी शिवणारी, पापड-लोणची करणारी, पार्लर चालवणारी कितीतरी बाया इथे अडतील, म्हणून नीट सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २, उपकलम ७. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत येत नाही, हे खरं. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेऊन वापरली, तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. माझ्याकडे कामाला माणसं नाहीत, दुकान नाही, मी स्वतः मशीनवर बसते. काकांनी ते स्पष्टीकरण मला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा महिनाभराने प्रथमच मोकळा श्वास घेतला.

२४ नोव्हेंबरला ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. कंपनी कुठल्याही शहरातली असो, आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात दाखल करता येते. नव्या कायद्यातली ही फार मोठी सोय आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. मोबाइल क्रमांकावर खातं उघडतं. सोबत जोडलं: तक्रार, तारखांचा तक्ता, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, बिल, यूपीआयची नोंद, स्क्रीनशॉट, हेल्पलाइनवरचं उत्तर, आजींच्या मुलाचा कागद, पोलिसांची पोहोच, नोटीस आणि तिची ट्रॅकिंग. मागणीत मशीनची किंमत, बाहेर दिलेल्या इंटरलॉकचा खर्च, गटाचं व्याज, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

पहिल्यांदा ती त्रुटी काढून परत आली. पानांना क्रमांक नव्हते आणि दोन स्क्रीनशॉट वाचता येत नव्हते. स्क्रीनशॉट मोठे करून, एका पानावर एकच, असे पुन्हा छापून जोडले. पानांना हाताने क्रमांक टाकले. झेरॉक्स, नोटरी, पोस्ट, रिक्षा असा सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार दाखल करून घेतली गेली. आयोगात मी खूप घाबरत गेले होते. प्रत्यक्षात तिथल्या बाबूंनी रांगेत बसवलं, नाव पुकारलं, दोन प्रश्न विचारले, आणि विरुद्ध पक्षांना नोटीस काढायचा आदेश झाला. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, आणखी १५ दिवस वाढ मिळू शकते. काळा कोट नसलेले माझ्यासारखे बरेच जण तिथे होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीकडून फोन. आधी म्हणाले, रक्कम अॅपच्या वॉलेटमध्ये टाकतो. मी नको म्हटलं, कारण ते पैसे पुन्हा तिथेच खर्च करावे लागतात. मग म्हणाले, खात्यात टाकतो, तुम्ही आधी तक्रार मागे घ्या. त्यालाही नाही म्हटलं. जे सांगायचं ते ईमेलवर लिहा, पैसे जमा झाल्यावरच आयोगापुढे सांगेन. दोन-तीन दिवस शांतता होती, तेव्हा ताणलं गेलं की काय अशी भीती वाटली. मग त्यांच्या वकिलांचा ईमेल आला: १७,४९० रुपये आणि वर खर्चापोटी ५,००० रुपये.

माझा इंटरलॉकचा खर्च आणि व्याज धरलं तर पाच हजारांत ते जेमतेम निघत होतं. दिवाळीत वेळेवर न झाल्याने गेलेली गिऱ्हाइकं आणि ते दिवस त्यात कुठेच नव्हते. काकांचं मत, आणखी लढलीस तर थोडं जास्त मिळेलही, पण किती महिने लागतील ते सांगता येत नाही. मी विचार करून मान्य केलं. कुणाला हे कमी वाटेल. पण मार्चपासून गणवेशांची तयारी सुरू होते, आणि मला मशीनवर बसायचं होतं.

१९ जानेवारीला पैसे खात्यात आले. पुढच्या तारखेला तडजोडीची पुरसीस दाखल केली, म्हणजे दोन्ही बाजूंचं मिटल्याचं लेखी निवेदन, आणि आयोगाने तक्रार निकाली काढली. आदेशाची प्रत पोर्टलवरून उतरवून ठेवली. गटाची उचल फेडली.

आता महागाची वस्तू मागवताना मी ओटीपी किंवा समोर उघडून देण्याची सोय असेल तरच घेते. पत्त्यात घर क्रमांकाआधी सेक्टर शब्दात लिहिते आणि शेजारी ठळक खूण देते. खोक्यावरच्या लेबलपासून उघडेपर्यंतचा व्हिडिओ एकसलग काढते.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक ताई मोबाइलचं पार्सल न आल्याचं सांगत आली. तिचे स्क्रीनशॉट काढले, तक्रारीचा क्रमांक घेतला आणि काल रात्री तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल गेला. पोच यायची मुदत उद्या रात्रीपर्यंत आहे. आली नाही, तर परवा सकाळी आठला १९१५.